दहा रुपये दिले म्हणून गुन्हा? इंदूरच्या भीकबंदीबद्दल

रामबागकर:

1 जानेवारी 2025 पासून आपल्या इंदुरात भीक मागणं तर बंद झालंच, पण भीक देणंही गुन्हा ठरलं. आदेश कलेक्टरचा. तो मोडला तर भारतीय न्याय संहितेचं कलम 223. त्याच महिन्यात खंडवा रोडवरच्या एका देवळाबाहेर कुणा गाडीवाल्याने भिकाऱ्याच्या हातावर दहा रुपये ठेवले आणि त्याच्यावर एफआयआर झाली. बातमी देशभर गेली. आपण वाचली, ग्रुपवर पुढे ढकलली आणि विसरलो. मला ती अजून पचलेली नाही.

त्या आदेशात आणखी एक गोष्ट होती, तिच्याकडे फारसं कुणाचं लक्ष गेलं नाही. भिकाऱ्यांकडून वस्तू विकत घ्यायलाही मनाई. पलासिया चौराह्यावर लाल दिव्याला तुम्ही थांबलात. एक बाई पेनांचं पाकीट घेऊन आली. तुम्ही वीस रुपये मोजून पाकीट घेतलंत. हा सौदा झाला की भीक? ठरवणार कोण, चौराह्यावरचा शिपाई? ती बाई हात पसरत नव्हती, माल विकत होती. गरिबाने मागू नये म्हणता, तेही समजू शकतो. पण त्याने विकूही नये?

कुठे कुणी भीक मागतंय अशी खबर देणाऱ्याला हजार रुपये इनाम ठेवलं होतं. आपल्या मध्य प्रदेशात निराधार म्हाताऱ्याला सामाजिक सुरक्षेची पेन्शन महिन्याला 600 रुपये. म्हणजे म्हातारीला दीड महिना जगवायला सरकार जेवढं देतं, त्याहून जास्त पैसे तिची खबर देणाऱ्याला एका फोनचे. यात कुणालाच काही वावगं वाटलं नाही?

मे 2025 मध्ये प्रशासनाने जाहीर केलं की इंदूर देशातलं पहिलं भिकारीमुक्त शहर झालं. आधी शहरात पाच हजारांच्या घरात भिकारी होते, असं त्यांनीच सांगितलेलं. शहर स्वच्छ झालं याचा मलाही अभिमान आहे. 2017 पासून आपला पहिला नंबर कुणी हलवलेला नाही. ओला कचरा वेगळा, सुका वेगळा, हे माझ्या घरातल्या पोरांना पाढ्यांआधी आलं. पण माणूस कचरा नाही. जानेवारी 2021 आठवा. निगमाच्या, म्हणजे महापालिकेच्या, ट्रकमधून बेघर म्हाताऱ्यांना उचलून देवासच्या वाटेवर क्षिप्रा गावाला नेऊन उतरवलं, ऐन थंडीत. गावकरी आडवे आले, व्हिडिओ काढला, तेव्हा त्यांना परत गाडीत घातलं. उपायुक्त निलंबित झाले. तेव्हाच्या कलेक्टरांनी खजराना गणपतीपुढे उभं राहून माफी मागितली. त्या व्हिडिओत एका म्हातारीला स्वतःच्या पायावर बसताही येत नव्हतं, तिचं गाठोडं रस्त्याच्या कडेला पडलं होतं. मी ते बघून दोन दिवस नीट जेवलो नाही.

माझं म्हणणं एवढंच. मुलांना भिकेला लावणाऱ्याला पकडा, खुशाल तुरुंगात घाला. पण रस्त्यावर भुकेलं माणूस दिसलं आणि मी त्याला काही दिलं, तर मला गुन्हेगार ठरवायचा हक्क कुठल्याही शहराला नाही, स्वच्छतेत त्याचा नंबर कितीही वर असो. तुम्हाला काय वाटतं ते मोकळेपणाने लिहा.

अन्नपूर्णारोड:

दादा, तुमची कळकळ कळते, पण मी दुसऱ्या बाजूची आहे. स्पष्टच लिहिते.

मी बरीच वर्षं संध्याकाळी एका वस्तीत मुलांना शिकवायला जाते. आमच्याकडे एक मुलगी यायची, आठेक वर्षांची. अक्षरं लागत नव्हती, पण वारांचं गणित पक्कं. बुधवारी खजराना, शनिवारी जुन्या इंदुरातलं शनिमंदिर, गुरुवारी साईबाबा, मंगळवारी जो हनुमान जवळ असेल तो. वर्गाला यायची ती सोमवारी आणि शुक्रवारी, कारण त्या दिवशी धंदा मंदा. देवांच्या वारांवर त्या पोरीचं वेळापत्रक बांधलेलं होतं, आणि ते बांधलं कुणी? देवळाबाहेर पुण्य करणाऱ्या आपल्यासारख्यांनी. तुम्ही दिलेले दहा रुपये तिच्या पोटात जात नव्हते. रात्री हिशोब व्हायचा आणि कमी भरले तर मार पडायचा. हाताला वळ मी पाहिलेत.

फेब्रुवारी 2024 मधली लवकुश चौराह्यावरची बातमी तुम्हीही वाचली असेल. स्वतःच्या लहान मुलांना भिकेला बसवणारी बाई, 45 दिवसांत अडीच लाख जमले असं तिनेच सांगितल्याचं आलं होतं. सगळ्या तशा नसतात हे मलाही कळतं. पण जोवर खिडकीतून नोट बाहेर येते, तोवर कुठलाही मुकादम त्या पोराला शाळेत जाऊ देणार नाही. पोर रस्त्यावर उभं राहतं ते गाडीतल्या माणसाच्या हातामुळे. तो हात थांबवायचा तर नुसतं समजावून भागत नाही, हे मी जन्मभर समजावून पाहिलंय. लोक म्हणतात, 'ताई, तुमचं बरोबर आहे,' आणि पुढच्या सिग्नलला नाणं काढतात. त्यांना दंडाचा धाक बसला तर मला आनंदच आहे.

आदेशानंतर आमच्या भागातल्या दोन चौराह्यांवरून मुलं खरोखर हटली. हे मी डोळ्यांनी पाहिलंय, कुणाच्या प्रेसनोटमध्ये वाचलेलं नाही.

नवलखा:

ताईंना पाठिंबा. लाल दिव्याला काच ठोकतात, नाही दिलं तर शिव्या घालतात, आरशाला हात लावतात. माझी बायको स्कूटीवर एकटी असली की त्या चौराह्यावरून जातच नाही, लांबून वळसा घालते. तिच्या भीतीचं काय? इथे सगळे गरिबाची बाजू घेणार हे ठाऊक आहे, पण रोज त्या रस्त्याने जाणारा माणूस काही राक्षस नाही.

मांडवीची:

वडोदऱ्याहून लिहितेय. वकिली करते, म्हणून कायद्याची बाजू मांडते.

आधी कलम 223. जुन्या दंडसंहितेतलं 188 म्हणजेच हे: सरकारी अधिकाऱ्याने रीतसर काढलेला आदेश मोडणं. साधारण प्रकरणात सहा महिन्यांपर्यंत साधी कैद किंवा 2,500 रुपयांपर्यंत दंड. आदेश मोडल्यामुळे कुणाच्या जिवाला, आरोग्याला, सुरक्षेला धोका झाला तर एक वर्षापर्यंत कैद किंवा 5,000 रुपयांपर्यंत दंड. म्हणजे भीक देणं हा स्वतंत्र गुन्हा कुठल्याही विधानसभेने, संसदेने केलेला नाही. आदेश निघाला, तो मोडला, म्हणून गुन्हा. असले आदेश नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 163 खाली निघतात, म्हणजे आपलं जुनं 144. दंगल, साथ, तातडीचा धोका, अशा प्रसंगांसाठी ते कलम आहे. म्हणूनच असा आदेश दोन महिन्यांपुरता चालतो, राज्य सरकारने वाढवला तर आणखी जास्तीत जास्त सहा महिने. गरिबी ही काही तातडीची घटना नाही. ती काल होती, आज आहे. तिच्यावर 163 लावणं मला कायद्याच्या दृष्टीनेही ओढूनताणून आणलेलं वाटतं.

आता आमच्या गुजरातचं. आमच्याकडे अजून 1959 चा मुंबई भिक्षा प्रतिबंधक कायदा चालतो, कारण तेव्हा गुजरात आणि महाराष्ट्र एकाच मुंबई राज्यात होते. त्यातली भिकाऱ्याची व्याख्या एकदा शांतपणे वाचा. गाणारा, नाचणारा, भविष्य सांगणारा, कसरती करणारा, रस्त्यात वस्तू विकायला पुढे करणारा, हे सगळे त्यात. आणि पोटापाण्याचं साधन दिसत नाही आणि इकडेतिकडे फिरतोय, एवढ्यावरही माणूस भिकारी ठरतो. पोलीस वॉरंटशिवाय पकडू शकतात. पहिल्यांदा एक ते तीन वर्षं भिक्षेकरी गृहात, पुन्हापुन्हा सापडला तर दहा वर्षांपर्यंत. वासुदेव, पोतराज, नंदीबैलवाला, दोरीवर चालणारी डोंबाऱ्याची पोर, सगळे त्या व्याख्येत बसतात. ज्यांना आपण लोककलावंत म्हणून मंचावर बोलावतो आणि शाल देतो, त्यांनाच रस्त्यात पकडायची सोय या कायद्यात आहे.

दिल्लीत लागू असलेली या कायद्याची मुख्य कलमं दिल्ली उच्च न्यायालयाने 8 ऑगस्ट 2018 ला घटनाबाह्य ठरवली. माणूस हौसेने भीक मागत नाही, राज्य त्याला जगायचं साधन देऊ शकलं नाही म्हणून मागतो, आणि त्याबद्दल त्यालाच शिक्षा करता येणार नाही, असा त्या निकालाचा गाभा. जुलै 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही रस्त्यावरच्या भिकाऱ्यांना हटवण्याचा आदेश द्यायला नकार दिला. आणि एक लक्षात घ्या, तो 1959 चा इतका कडक कायदा, पण त्यातसुद्धा देणाऱ्याला शिक्षा नाही. भिकेला लावणाऱ्याला आहे. इंदूर त्याच्याही पुढे गेलं.

अन्नपूर्णारोड ताई, तुमच्या मुकादमासाठी कायदा आधीच आहे. बाल न्याय कायदा 2015, कलम 76: मुलाला भिकेला लावलं तर पाच वर्षांपर्यंत कैद आणि एक लाख दंड. भिकेसाठी मूल पळवलं किंवा अपंग केलं तर न्याय संहितेचं कलम 139, त्यात जन्मठेपेपर्यंत शिक्षा. ती कलमं किती वेळा लागली ते विचारा. मुकादमाच्या मागे जायला तपास लागतो. गाडीवाल्यावर गुन्हा दाखल करायला सीसीटीव्ही पुरतो.

सुदामानगर_काका:

मंडळी, मी वयाने मोठा आहे, थोडं मागचं सांगतो.

माझे वडील या शहरात वार लावून शिकले. गावाकडून आले, खिशात काही नाही. सात दिवस सात घरं. बुधवारी ज्या घरी जायचे तिथल्या माउली ताकात भात कालवून वर मेतकूट घालायच्या आणि 'रात्रीचं काय?' म्हणून केळीच्या पानात दशम्या बांधून द्यायच्या. वडील पुढे शिक्षक झाले, शेकडो मुलं त्यांच्या हाताखालून गेली. आमच्या घरात त्या माउलींचा फोटो देवघराशेजारी आहे, रक्ताचं काही नातं नसताना.

आपल्या घरातल्या मुंजी आठवा. बटू हातात दंड घेऊन 'ॐ भवति भिक्षां देहि' म्हणतो, आई पहिली भिक्षा घालते. संध्याकाळी वाजतगाजत भिक्षावळ निघते, आत्या-मावश्या लाडू घालतात, पाचशेच्या नोटा घालतात. तो संस्कार कशासाठी असतो? आठ वर्षांच्या मुलाला आयुष्यात पहिली गोष्ट ही शिकवायची की अन्न कुणाच्या तरी हातून येतं, मागायला लागलं तर मान खाली घालायची नाही, आणि देणाऱ्याने दारातून कुणाला विन्मुख पाठवायचं नाही. रामदासी भिक्षेला निघतात, जोगवा मागतात, वारीत वारकऱ्याच्या ताटात गावोगावची भाकरी पडते. हे सगळं आम्ही कार्यालयाच्या आत करायचं, आणि बाहेर पायरीवर बसलेल्या म्हाताऱ्याला लाडू दिला तर थान्यात जायचं?

आणि हे शहर कुणाचं? अहिल्यामाईचं. तिने देशभर घाट बांधले, धर्मशाळा बांधल्या, अन्नछत्रं चालवली. 31 मे 2025 ला तिच्या जन्माला तीनशे वर्षं झाली, आपण मोठे उत्सव केले. त्याच महिन्यात भिकारीमुक्तीची घोषणा झाली. अन्नछत्रात येणाऱ्याला माईने कधी विचारलं असेल का, की तू खरा भुकेला आहेस कशावरून?

अन्नपूर्णारोड:

काका, तुमच्या वडिलांना नमस्कार. पण माधुकरी आणि सिग्नल एका तराजूत घालू नका, ही कळकळीची विनंती. तुमच्या वडिलांच्या मागे शाळा होती. ज्या घरी जायचे त्या घराला त्यांचं नाव माहीत होतं, परीक्षेत किती मार्क पडले ते माहीत होतं. एक दिवस आले नाहीत तर त्या माउलींनी निरोप धाडला असता. सिग्नलवरच्या पोरीचं नाव तुम्ही कधी विचारलंय? काच खाली, नाणं बाहेर, काच वर. दिवा हिरवा. त्या देण्यात समोरचं माणूस कुठेच नसतं. माधुकरी परत आणत असाल तर मी पहिला वार माझ्या घरचा देते.

लष्करवाला:

ग्वाल्हेरहून.

इथे नोव्हेंबर 2020 मध्ये जे घडलं ते आम्ही विसरू शकत नाही. पोटनिवडणुकीच्या मतमोजणीची रात्र. दोन डीएसपी गाडीतून जात होते. रस्त्याच्या कडेला थंडीने कुडकुडणारा, उकिरड्यात काहीतरी खायला शोधणारा एक माणूस दिसला. एकाने त्याला आपले बूट दिले, दुसऱ्याने जाकीट काढून दिलं. ते निघणार, तेवढ्यात त्या माणसाने त्यांना नावाने हाक मारली. तो त्यांच्याच बॅचचा निघाला, 1999 चा सबइन्स्पेक्टर. डोकं फिरलं, नोकरी सुटली, घर सुटलं, आणि कितीतरी वर्षं तो आमच्याच रस्त्यांवर फिरत होता. आमच्यापैकी किती जणांनी त्याच्या हातात नाणं टाकलं असेल, किती जणांनी हाकललं असेल, देव जाणे.

त्या रात्री तसला आदेश आमच्याकडे असता, तर बूट देणारे ते दोघेही आरोपी झाले असते. मी मुद्दाम लिहितोय, कारण आदेशाच्या कागदावर 'दिलं' एवढंच असतं. कुणी, कुणाला, का, हे नसतं.

रस्त्यावरच्या माणसांत मनाने आजारी असलेले बरेच असतात, हे आमच्याकडच्या मानसिक आरोग्यशाळेच्या आसपास राहणाऱ्या कुणालाही ठाऊक आहे. मानसिक आरोग्य कायदा 2017 म्हणतो की असा बेवारस फिरणारा रुग्ण दिसला तर त्याला संरक्षण देऊन 24 तासांच्या आत सरकारी आरोग्यकेंद्रात नेणं पोलिसांचं कर्तव्य आहे. 'पकडणं' नाही, 'संरक्षण देणं'. तुमच्या इंदुरात बाणगंगेला मनोरुग्णालय आहे. भिकारीमुक्तीच्या गाडीतून किती जण तिथे उपचाराला पोचले, हा आकडा कुणी जाहीर केला का? तो कळला तर या मोहिमेबद्दल माझं मत बदलायची तयारी आहे.

आणि हे फक्त इंदूरपुरतं नाही. फेब्रुवारी 2025 मध्ये भोपाळमध्येही असाच आदेश निघाला. त्याच महिन्याच्या शेवटी तिथे गुंतवणूकदारांचं मोठं संमेलन होतं. पाहुणे येणार म्हणून घर आवरतात, ठीक आहे. पण घरातल्या आजारी म्हाताऱ्याला कुणी माळ्यावर टाकत नाही.

छप्पनवाला:

मी दुकानदार आहे, छप्पन दुकान या आपल्या खाऊगल्लीपासून जवळच. एक वेगळाच प्रकार सांगतो, त्यावर कुणी बोललंच नाही.

रात्री दुकान बंद करायच्या वेळी पोरं येतात. एकाच्या हातात फोन, एकाच्या हातात वडापावच्या पिशव्या, एक जण तो लावायचा गोल दिवा धरून. फुटपाथवर झोपलेल्या आजोबांना हलवून उठवतात. पिशवी देतात. आजोबा घ्यायला हात पुढे करतात, तर हा म्हणतो, 'एक मिनिट बाबा, कॅमेऱ्याकडे बघा.' पुन्हा पिशवी मागे, पुन्हा पुढे. मी स्वतः पाहिलंय, एका म्हाताऱ्याला तीनदा तोच वडापाव दिला, कारण आधी चेहरा अंधारात येत होता. मग मागे करुण संगीत लावून टाकतात. लाखो लोक बघतात, हात जोडलेल्या खुणा टाकतात. त्या म्हाताऱ्याची मुलगी कुठेतरी सासरी असेल, तिच्या मोबाइलवर हे गेलं तर?

खंडवा रोडवर चुपचाप दहा रुपये देणाऱ्यावर एफआयआर. आणि गरिबाचा चेहरा विकून पैसे मिळवणाऱ्याला फॉलोअर. बंदी घालायचीच तर आधी यांच्यावर घाला, असं माझं ठाम मत आहे. देताना फोटो काढायचा नाही, बस. दान खरं असेल तर तेवढ्याने कुणाचं काही बिघडणार नाही.

नवलखा:

हे मात्र शंभर टक्के मान्य. आमच्या सोसायटीतही ब्लँकेट वाटपाचे फोटो ब्लँकेटांपेक्षा जास्त निघतात.

रामबागकर:

सगळ्यांचं वाचलं. अन्नपूर्णारोड ताईंचं दोनदा वाचलं.

ताई, त्या मुलीच्या वारांच्या हिशोबाने मला हलवलं. सिग्नलवरच्या मुलाला पैसे देऊ नयेत, हे मला मान्य आहे आणि मी ते कधी देतही नाही. पण तुमचा आणि माझा फरक कुठे पडतो ते सांगतो. तुम्हाला नोट थांबवायची आहे, कारण तुम्ही त्यानंतर त्या मुलीचं काय करायचं ते जाणता. तुमचा वर्ग आहे, पाटी आहे, संध्याकाळ आहे. आदेश काढणाऱ्याकडे ते आहे का? केंद्राची स्माइल योजना फेब्रुवारी 2022 पासून आहे, इंदूर तिच्या पहिल्या निवडक शहरांत होतं. पाहणी, समुपदेशन, निवारा, शिक्षण, रोजगार, हे सगळं तिच्यात लिहिलेलं आहे. ते नीट झालं असेल तर त्याचा डंका वाजवा, मीही वाजवीन. बातमी झाली ती मात्र एफआयआरची आणि इनामाची.

आणि म्हातारे? पाच हजारांत सगळी मुलं नव्हती. ज्याला मुकादम नाही, टोळी नाही, फक्त वय आहे आणि मुलाने घराबाहेर काढलंय, त्याचं काय? वृद्धापकाळ पेन्शनमध्ये साठ ते एकोणऐंशी वयाच्या माणसासाठी केंद्राचा वाटा महिन्याला 200 रुपये आहे. तो 2007 मध्येही 200 होता. मधल्या काळात दुधाची पिशवी, गॅसची टाकी, गोळ्यांचं पाकीट कुठे गेलं ते प्रत्येकाने आपापल्या घरात बघावं. 2011 च्या जनगणनेत देशात चार लाख तेरा हजारांवर भिकारी आणि निराधार फिरस्ते मोजले गेले. तेव्हा त्यांना मोजलं तरी होतं. आता मोजण्याआधी हटवतो.

नवलखा, तुमच्या बायकोची भीती खरी आहे. काच ठोकणं, अंगावर येणं, शिवीगाळ, यासाठी पोलीस आहेत, कलमं आहेत, लावा. त्यासाठी देवळाच्या पायरीवर गप्प बसलेल्या आंधळ्याला उचलायची गरज नाही. दोघांना एकाच आदेशात कोंबलं, हाच माझा राग आहे. शहराने कष्ट वाचवले. कोण लुबाडतो, कोण आजारी, कोण टाकून दिलेला, हे वेगळं करायला माणसाशी बोलावं लागतं. घरच्या कचऱ्याचं वर्गीकरण आपण अख्ख्या देशाला शिकवलं. माणसांची विचारपूस करायलाही तेवढीच मेहनत घ्या, एवढंच मागणं आहे.

सुदामानगर_काका:

रामबागकर, शेवटचा परिच्छेद निगमात नेऊन द्या. अन्नपूर्णारोड ताई, वाराचं गांभीर्याने घेतलंय बरं का मी. आमच्या गल्लीत चार घरं तयार होतील. शाळेत जाणारी, पण घरी रात्री चूल नसलेली मुलं तुमच्या वस्तीत असतील तर सांगा. नावासकट सांगा.

अन्नपूर्णारोड:

काका, आहेत. व्यनि (खाजगी निरोप) करते, मुलांची नावं इथे नको.

दादा, तुम्ही सरसकट बंदीला विरोध करता तिथे मी अजूनही तुमच्याबरोबर नाही. दंडाचा धाक हवा, निदान मुलांच्या हातात पैसे देणाऱ्याला तरी. पण पेनं विकणारी बाई आणि पायरीवरचा आंधळा या आदेशातून बाहेर काढायला हवेत, हे मला पटलं. आणि मुलं हटली म्हणाले मी, तर खरं सांगायचं म्हणजे, ती कुठे गेली याची माझ्याकडेही पक्की खबर नाही. आमच्या वर्गात त्यातली दोनच आली.

मांडवीची:

मग माहितीच्या अधिकारात विचारा ना. 2005 चा कायदा आहे, दहा रुपये फी, तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. रामबागकर, तुम्ही इंदुरात आहात, अर्ज तुम्हीच टाका, मसुदा मी करून देते. भिकारीमुक्त घोषित करताना जी माणसं हटवली त्यातली किती निवारागृहात, किती घरी पाठवली, किती शहराबाहेर, किती मनोरुग्णालयात. कलम 223 खाली किती देणाऱ्यांवर गुन्हे, आणि त्याच काळात बाल न्याय कायद्याच्या कलम 76 खाली किती मुकादमांवर. इनामाचे एकूण किती रुपये वाटले. किती जणांची पेन्शन सुरू करून दिली. मत मागू नका, फक्त आकडे आणि कागदांच्या प्रती मागा, नाहीतर अर्ज परत येतो.

लष्करवाला:

बाणगंगेचा प्रश्न वेगळा काढा, तो आरोग्य विभागाकडे जाईल. एकाच अर्जात घातलात तर हे त्यांच्याकडे बोट दाखवतील, ते यांच्याकडे.

अन्नपूर्णारोड:

माझा एक प्रश्न त्यात घाला. सोडवलेल्या मुलांपैकी किती मुलांचं नाव शाळेत घातलं, आणि त्यातली किती गेल्या महिन्यात प्रत्यक्ष वर्गात बसली. नाव घालणं सोपं असतं, हजेरीपटाची प्रत मागा. आणि अर्ज हिंदीत करा. मसुदा इथेच टाका, मी वाचून देते.